चेनसॉचा बार आणि चेन: निवड, धार आणि सोसायटीतली झाडांची छाटणी

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या आवारात दोन पर्जन्यवृक्ष, एक सोनमोहर आणि कंपाउंडलगत नारळाची रांग आहे. इमारत जुनी, झाडंही जुनी. यंदा मार्चअखेरच्या कमिटी मीटिंगमध्ये पावसाआधीच्या छाटणीचा विषय निघाला तेव्हा ठेकेदाराचं दरपत्रक ४२,००० रुपयांचं होतं. आधीच्या कमिटीने घेतलेली १८ इंची पेट्रोल चेनसॉ, म्हणजे लांब धातूच्या पट्टीवर (बारवर) दातेरी साखळी (चेन) फिरवून लाकूड कापणारी मशीन, मीटर रूममध्ये पडून होती. तीच नीट करून घ्यावी, झाडावर चढायला तेवढा जाणकार माणूस रोजावर बोलवावा, असं ठरलं आणि सेक्रेटरी म्हणून सगळं माझ्याकडे आलं. त्याआधी मी चेनसॉ जवळून कधी पाहिलीही नव्हती. दुकानात काय मागायचं, पालिकेत काय द्यायचं हे सांगणारं मराठीत काही सापडेना, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी परवानगीचं, कारण तिला वेळ लागतो. नागरी भागातल्या झाडांना महाराष्ट्राचा १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. झाड आपल्या आवारात असलं, आपणच लावलेलं असलं, तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. पूर्ण झाड तोडणं तर सोडाच, झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही त्या कायद्यात येतं. आम्ही ३ एप्रिलला अर्ज दिला. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज, कमिटीच्या ठरावाची प्रत, नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स, प्रत्येक झाडाचे दोन बाजूंनी काढलेले फोटो आणि आवाराचा हाताने काढलेला नकाशा, एवढं जोडलं होतं. फोटोंवर लाल पेनाने कापायच्या फांद्या दाखवल्या होत्या. याचा पुढे फार उपयोग झाला. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, कारण नंतरची सगळी चौकशी त्या क्रमांकावरच चालते.

झाडं बघायला पालिकेचे निरीक्षक येईपर्यंत हातात वेळ होता. तो मी चेनसॉवर घालवला.

आमचे माळीकाका मूळचे जव्हारकडचे. गावाकडे त्यांनी अशा मशीनवर बरंच काम केलंय. त्यांनी ती बाहेर काढली, पुसली आणि पडलेल्या नारळाच्या खोडाच्या तुकड्यावर चालवून दाखवली. धूर निघाला, भुकटी उडाली आणि काप सरळ न जाता डावीकडे वळत गेला. काका म्हणाले, "ताई, इंजिन चांगलं आहे. बार आणि चेन दोन्ही गेलेत. दाबून कापावं लागतं म्हणजे धार नाही. धार असली तर मशीनच्या वजनानेच कापतं." मग त्यांनी जमिनीवरची भुकटी चिमटीत घेऊन मला दाखवली. चेन धारेवर असली की खोबऱ्याच्या किसासारखे लांबट तुकडे पडतात, बारीक भुकटी पडायला लागली की थांबून धार लावायची. हे एवढं जरी लक्षात राहिलं तरी पुष्कळ नुकसान टळतं, कारण बोथट चेनने माणूस जोर लावतो, बार तापतो, इंजिनावर ताण येतो आणि दमलेल्या हातातून मशीन उसळायची भीती वाढते.

बारवर कारखान्याचे आकडे कोरलेले असतात, मशीनकडच्या टोकाला. आमच्या बारवरचे पार घासून गेले होते. मग चेनच मोजली. कोणत्याही चेनची ओळख तीन आकड्यांत असते आणि दुकानात हे तिन्ही सांगावेच लागतात.

पहिला आकडा पिच. चेनचे दुवे जोडणाऱ्या खिळ्या म्हणजे रिव्हेट. लागून असलेले तीन रिव्हेट घ्यायचे, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि निम्मं करायचं. आमचं १६.५ मिलिमीटर भरलं, म्हणजे पिच ८.२५ मिलिमीटर, बाजाराच्या भाषेत ०.३२५ इंच. तेच अंतर १९ मिलिमीटरच्या आसपास आलं असतं तर चेन ३/८ इंचाची ठरली असती. दुसरा आकडा गेज, म्हणजे चेनच्या पोटाकडचे जे टोकदार दुवे बारच्या खाचेत बसून फिरतात त्यांची जाडी. त्यांना ड्राइव्ह लिंक म्हणतात. ही जाडी पट्टीने मोजता येत नाही, बारीक जाडी मोजायचा व्हर्नियरच हवा. वरच्या मजल्यावरच्या एका इंजिनियर मुलाकडून तो आणला. १.५ मिलिमीटर भरली, म्हणजे ०.०५८ इंच. साधारण १.१, १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर अशा जाड्या मिळतात. १.५ आणि १.६ मधला फरक डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून इथे अंदाजावर जाऊ नये. तिसरा आकडा त्या ड्राइव्ह लिंकची संख्या. एका लिंकला नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि तिथून मोजत आले. ७२ भरल्या.

बारची लांबीही सांगावी लागते, पण ती पूर्ण पट्टीची नसते. मशीनच्या तोंडापासून बारच्या टोकापर्यंतचा जो भाग प्रत्यक्ष लाकडात जातो तो मोजायचा. आमचा १८ इंच. कमिटीतल्या एका काकांचं म्हणणं होतं की नवीन घेतोच आहोत तर २२ इंची बार घ्या, मोठे ओंडकेही होतील. मी त्याला ठाम विरोध केला. बार वाढला की चेन लांब, तिला ओढायला इंजिन जास्त लागतं, तेलही जास्त अंतरावर पोचवावं लागतं. आमचं इंजिन ४५ सीसीचं, त्याला १८ इंच पुरेसा भार आहे. शिवाय टोक जितकं लांब तितकं ते वापरणाऱ्याच्या नजरेबाहेर, आणि चेनसॉचा सगळ्यात धोकादायक भाग टोकाचा वरचा पाव हिस्सा. तो लाकडाला लागला की बार क्षणात उलटा वर येतो. याला किकबॅक म्हणतात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात स्टेशनजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेले. तिन्ही आकडे कागदावर लिहून नेले होते. काउंटरवरच्याने कागद न बघताच "अठरा इंची ना? सगळ्या अठरा इंचीला हीच चालते" म्हणत डबा पुढे केला. डब्यावर ३/८, ०.०५० आणि ६२ लिंक असं छापलं होतं. मी तिथेच डबा उघडून जुनी चेन शेजारी ठेवून दाखवली. तरी त्याचं "बसेल हो, थोडं ठोकावं लागेल" चालूच. ठोकून काही बसत नाही. पिच वेगळा असेल तर मशीनच्या आतल्या चक्रीच्या, म्हणजे स्प्रॉकेटच्या, खाचांत चेन बसतच नाही. गेज कमी असेल तर चेन बारच्या खाचेत कलंडते, वाकडं कापते आणि निसटूही शकते. विकत घेण्याआधी डबा काउंटरवरच उघडा आणि जुनी चेन सोबत न्या.

तिथे न जमल्यावर माळीकाकांना घेऊन मशीद बंदरला गेले. ठाण्याहून मध्य रेल्वेची सरळ लोकल आहे, स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की नागदेवी स्ट्रीट चालत गाठता येतो. अवजारं आणि मशीनच्या सुट्या भागांची इतकी दुकानं एका जागी ठाण्यात नाहीत. दुपारी जेवणाच्या वेळी जाऊ नका, गल्ली हातगाड्यांनी भरलेली असते आणि दुकानदारांना बोलायला सवड नसते. आम्ही अकराच्या सुमारास पोचलो. जुना बार, जुनी चेन आणि स्प्रॉकेट तिन्ही पिशवीत होतं.

पहिल्याच दुकानातल्या वयस्कर गृहस्थांनी कागद वाचला आणि विचारलं, "लाकूड कुठलं कापणार?" मला त्या क्षणी हायसं वाटलं, कारण चेनची निवड खरी इथून सुरू होते. कापणाऱ्या दातांचे मुख्य दोन प्रकार. फुल चिझेलच्या दाताचा कोपरा काटकोनात, टोकदार. स्वच्छ, ओल्या लाकडात तो फार वेगाने कापतो, पण धूळ लागली की कोपराच आधी जातो. सेमी चिझेलचा कोपरा गोलसर. वेग थोडा कमी, पण मातकट, वाळलेल्या, कठीण लाकडात धार जास्त टिकते. आमच्या झाडांच्या सालीवर रस्त्याची वर्षानुवर्षांची धूळ, शिवाय नारळाचं खोड. नारळाच्या बाहेरच्या भागातले कठीण तंतू चेनला खातात. सागही तसाच, त्याच्या लाकडात सिलिका असते. शहरातल्या सोसायटीला सेमी चिझेलच घ्यावी असं माझं स्पष्ट मत झालंय. आम्ही उसळी कमी करणारे जोड-दुवे असलेली चेन मागितली, तीही मिळाली.

बार घेताना लांबी, पिच आणि गेज जुळलं म्हणजे झालं असं नाही. मशीनकडच्या टोकाला बोल्टची लांब खाच, तेल येण्याचं भोक आणि चेन ताणणाऱ्या खिळीचं भोक असतं. ही जागा कंपनीगणिक बदलते. दुकानातल्या गृहस्थांनी जुना बार नव्यावर ठेवला, भोकांतून पलीकडचा उजेड बघितला आणि एक बार बाजूला सारून दुसरा काढला. पहिल्याचं तेलाचं भोक जेमतेम दोन मिलिमीटर सरकलेलं होतं. तो बसला असता, चाललाही असता, पण तेल चेनपर्यंत नीट पोचलं नसतं.

स्प्रॉकेट हातात घेऊन त्यांनी त्यावर नखाने चेनने पाडलेल्या खोबणी दाखवल्या. घासलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली की चेनचा पिच लवकर ताणला जातो. दोन चेन संपल्या की तिसरीबरोबर स्प्रॉकेटही नवं, असा साधा हिशेब ठेवायचा. चेन आम्ही दोन घेतल्या, आलटून पालटून वापरायला.

खर्च असा झाला: बार १,४५०, चेन प्रत्येकी १,१५०, स्प्रॉकेट २६०, गोल कानशींची जोडी २४०, कानशीचा गाइड (कानस योग्य कोनात आणि उंचीवर धरणारा साचा) ४८०, चपटी कानस १८०, बार ऑइल (बार आणि चेनला लागणारं तेल) एक लिटर ३२०. एकूण ५,२३० रुपये. बिल सोसायटीच्या नावाने, जीएसटीसह मागून घेतलं. पैसे मी यूपीआयने माझ्या खात्यातून दिले आणि व्हाउचरवर परत घेतले. त्यासाठी खजिनदारांना मूळ बिल आणि ठरावाचा क्रमांक दोन्ही लागले, तेव्हा खरेदीआधी ठराव नोंदवून घेतलेला बरा.

कानशीबद्दल एक. चेनच्या पिचप्रमाणे गोल कानशीचा व्यास ठरतो. ०.३२५ ला ४.८ मिलिमीटर, म्हणजे ३/१६ इंच. लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या ३/८ ला ४ मिलिमीटर, मोठ्या ३/८ ला साधारण ५.५. चुकीच्या जाडीच्या कानशीने धार लागल्यासारखी वाटते, पण दाताचा आकार बिघडतो.

बार ऑइलवरून माळीकाकांचा आणि माझा थोडा वाद झाला. गावाकडे गॅरेजमधलं जळकं ऑइलच टाकतात, ते फुकट मिळतं. पण त्यात इंजिनातले धातूचे कण असतात, ते पातळ झालेलं असतं, चेनवर टिकत नाही आणि त्याचा फवारा कापणाऱ्याच्या अंगावर, श्वासात आणि झाडाच्या ताज्या जखमेवर जातो. आरोग्याला ते घातक आहे. मी ते आवारात आणूच दिलं नाही. काका पुढे म्हणाले, "हे तेल चिकटतं, ताई. चेन गरम पण कमी होते." पेट्रोलची टाकी संपेपर्यंत तेलाची टाकीही जवळपास रिकामी झाली पाहिजे. तेल तसंच राहिलं तर भोक तुंबलंय असं समजायचं.

नवी चेन रात्रभर तेलात बुडवून ठेवली. दुसऱ्या दिवशी बसवली. आधी स्पार्क प्लगची टोपी काढली, हातमोजे घातले. चेन जागेवर अडवून धरणारा चेन ब्रेक मोकळा नसेल तर कव्हर नीट बसत नाही. चेनची दिशा पाहायची, बारच्या वरच्या बाजूला दातांची धार टोकाकडे तोंड करून हवी. मग नट हाताने सैल लावून, बारचं टोक वर उचलून धरत स्क्रूने ताण द्यायचा आणि टोक उचललेलं असतानाच नट घट्ट करायचे. चेन खालच्या बाजूला बारला टेकलेली हवी आणि हाताने ओढली तर मोकळी फिरायला हवी. लोंबत असेल तर सैल, ओढताना अडत असेल तर जास्त ताणलेली. पहिली काही मिनिटं मशीन कमी वेगावर चालवून पुन्हा ताण बघितला, कारण नवी चेन सुरुवातीला चटकन सैल पडते. तेलाची चाचणीही तेव्हाच केली. पुठ्ठ्यासमोर, न टेकवता, बारचं टोक धरून रेस केलं की पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटते.

जुना बार लगेच भंगारात टाकला नाही, काप डावीकडे का वळत होता ते बघायचं होतं. करवतीच्या पात्याच्या तुकड्याने खाच उकरली तर तेलात मळलेल्या भुशाचे काळे गोळे निघाले. बार सपाट लादीवर उभा धरला तर एक कड दुसरीपेक्षा खाली गेलेली. कडेला बाहेरून धातूची पातळ कोर आली होती, बोट कापेल इतकी धारदार. अशी कोर चपट्या कानशीने काढता येते, कडाही थोड्या असतील तर समान करता येतात. आमच्या बारची खाच रुंदावली होती, चेन हाताने दोन्हीकडे डुलत होती. त्याला इलाज नाही.

२२ एप्रिलला पालिकेचे निरीक्षक आले. फोटोंच्या प्रती हातात घेऊन त्यांनी प्रत्येक फांदी बघितली. सोनमोहराची एक मोठी फांदी आम्ही मागितली होती, ती त्यांनी नाकारली. झाडाचा तोल त्या बाजूला आहे, ती काढली तर झाड रस्त्याकडे झुकेल, हे त्यांनी खाली उभं राहून समजावून सांगितलं आणि ते आम्हाला पटलं. पत्र मात्र १३ मेपर्यंत आलं नाही. मध्ये आवक क्रमांक घेऊन चौकशी करत राहावं लागलं, टेबल बदललं होतं. पत्रात अटी होत्या: मंजूर फांद्यांपुरतीच छाटणी, काम दिलेल्या मुदतीत, झाडावर घरटी असतील तर त्या फांदीला हात लावायचा नाही, कचऱ्याची विल्हेवाट सोसायटीने लावायची. या पत्राची प्रत कामाच्या दिवशी गेटवर लावून ठेवली. रस्त्याने जाणारे थांबून विचारतात आणि त्यांनी विचारलंच पाहिजे.

पत्राची वाट बघताना मी धार लावायला शिकले. माळीकाकांनी बार वाइसमध्ये धरला, चेन ब्रेक लावला आणि सगळ्यात आखूड दात शोधायला सांगितला. बाकीचे दात त्याच्या लांबीला आणायचे. प्रत्येक दाताच्या वरच्या पृष्ठावर मागच्या बाजूला एक बारीक तिरकी रेघ कोरलेली असते. ३० अंशांची ती रेघ हीच आपली दिशा. कानस त्या रेघेला समांतर धरायची, आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलायची. घासत मागे ओढली तर कानस लवकर मरते. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या वर राहायला हवा, गाइड असेल तर हे आपोआप जमतं. एका दाताला कानशीचे तीन हात, पुढच्यालाही तीनच. एका बाजूचे सगळे दात झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे.

दोन्ही बाजूंना सारखेच हात का, हे मला एका वाचनातून नीट उमगलं. आजच्या चेनची रचना अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या जोसेफ कॉक्स यांची. १९४६ मध्ये लाकूड पोखरणारी एक अळी त्यांनी न्याहाळली. ती जबड्यांनी डावीकडे, उजवीकडे असं आळीपाळीने कापत लाकूड आडवं-उभं सारख्याच सहजतेने खात होती. त्यावरून त्यांनी डावा दात, उजवा दात अशी चेन बनवली आणि १९४७ मध्ये कंपनी काढली. डावे-उजवे दात सारखे नसले की चेन जास्त धार असलेल्या बाजूला ओढते.

धार लागली की नाही हे डोळ्यांनी कसं ओळखायचं, तेही काकांनी दाखवलं. दात उजेडात धरला तर बोथट कडेवर पांढरी चमकणारी रेघ दिसते. धार लागली की ती रेघ नाहीशी होते, कड उजेड परतवतच नाही. मी खिडकीशी बसून एकेक दात असा बघत गेले. पहिल्या फेरीला पूर्ण संध्याकाळ गेली, मनगट भरून आलं, पण शेवटच्या दातांवर कानशीचा आवाज बदलला. आधी किरकिर होती, मग स्वच्छ लांब सूर यायला लागला. प्रत्येक दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो, डेप्थ गेज. दात किती खोल शिरेल ते तो ठरवतो. दात झिजत जातो तसा हा उंचवटा वर राहतो आणि धार असूनही चेन कापेनाशी होते. म्हणून तीन-चार वेळा धार लावून झाली की चपट्या कानशीने तोही उतरवायचा. दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली, त्याहून जास्त नाही. जास्त उतरवला तर चेन लाकडात अधाशासारखी शिरते आणि उसळी मारते.

संरक्षणाच्या साहित्याला वेगळे ४,८०० रुपये लागले: जाळीचा मुखवटा आणि कानपट्ट्या असलेलं हेल्मेट, बूट आणि पायांवर बांधायचे चॅप्स. चॅप्समध्ये लांब तंतू भरलेले असतात. चेन लागली की ते ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये गुंततात आणि चेन थांबते. काका म्हणाले, "ताई, या उकाड्यात हे कोण घालणार?" मी म्हटलं, "काका, हे घातल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही. काम सकाळी सातला सुरू करू आणि अकराला थांबू." ते तयार झाले. इतर खर्चात काटकसर करा, यात नको.

काम मेच्या शेवटच्या रविवारी झालं. एका फांदीजवळून वीजवाहिनी जाते, म्हणून आधी महावितरणच्या कार्यालयात अर्ज देऊन सकाळपुरता पुरवठा बंद करून घेतला होता. गाड्या आदल्या रात्रीच हलवल्या. झाडावर चढलेल्या माणसाने दोर बांधून हाताच्या करवतीनेच फांद्या उतरवल्या. आमच्यासारखी मागे मूठ असलेली चेनसॉ झाडावर किंवा शिडीवर चढून वापरायची नसते, खांद्याच्या वर तर कधीच नाही. फांदी उतरवतानाही आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून थोडा काप, मग जरा बाहेरून वरून काप. फांदी पडली की उरलेला खुंट, फांदी खोडाला मिळते त्या फुगीर भागाच्या बाहेरून कापायचा. सरळ वरून कापलं तर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते आणि तिथे पाणी मुरून झाड सडतं.

खाली पडलेल्या फांद्यांचे ओंडके काका चेनसॉने करत होते. लाकडाचा कीस नीट पडत होता, काप सरळ जात होता. साडेनऊच्या सुमारास एका जाड ओंडक्यात अचानक ठिणग्या उडाल्या. सालीच्या दोन बोटं आत जुना खिळा होता, कधीकाळी कुणी फलक ठोकला असणार आणि झाडाने तो आत घेतला. एका बाजूच्या सगळ्या दातांचे कोपरे उडाले. मशीन बंद करून, गार होऊ देऊन दुसरी चेन चढवली आणि काम पुढे सरकलं. दोन चेन घेतल्याचं त्या दिवशी सार्थक झालं. पुढचा प्रत्येक ओंडका कापण्याआधी सालीवर काळसर डाग किंवा गाठ आहे का ते आम्ही बघत होतो, कारण खिळ्याभोवती लाकूड काळं पडतं.

खिळा लागलेली चेन मी पुढच्या आठवड्यात कानशीने सारखी केली. सगळ्यात जास्त खराब झालेल्या दाताइतके दोन्ही बाजूंचे सगळे दात उतरवावे लागले. निम्मी चेन त्यातच गेली. दाताचा वरचा भाग तीन-चार मिलिमीटर उरला की चेन काढून टाकायची असते, आमच्या चेनचा अजून सहा आहे.

काम संपल्यावर लगेच चेनचा ताण सैल केला. तापलेली चेन लांबलेली असते, गार होताना आकसते. तशीच घट्ट ठेवली तर बार आणि इंजिनाचा फिरता दांडा (क्रँकशाफ्ट) दोन्हीवर ताण बसतो. कव्हर काढून भुसा ब्रशने साफ केला, बारची खाच आणि तेलाचं भोक मोकळं केलं, टोकाच्या चाकाला ग्रीसचं भोक होतं त्यात ग्रीस भरलं. बार उलटा करून बसवला, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. पेट्रोल काढून घेतलं आणि टाकीत उरलेलं संपेपर्यंत इंजिन चालवलं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवलं तर कार्ब्युरेटर खराब करतं. पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-टी तेलाचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत दिलेलंच पाळायचं, आमच्या मशीनला लिटरला ४० मिली. दोन्ही चेन तेलात भिजवून प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवल्या, कारण ठाण्याच्या पावसात मीटर रूममधली उघडी चेन महिन्याभरात गंजते.

मीटर रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला आता एक कागद चिकटवलेला आहे: पिच ०.३२५, गेज ०.०५८, लिंक ७२, कानस ४.८. खाली तारखांचा रकाना आहे, धार कधी लावली, बार कधी उलटवला, स्प्रॉकेट कधी बदललं. कमिटी बदलली तरी कागद तिथेच राहील. पुढच्या वर्षीचा अर्ज फेब्रुवारीतच द्यायचं ठरलंय, म्हणजे पत्र पाऊस तोंडावर येण्याआधी हातात पडेल. ठाण्यातल्या कुठल्या सोसायटीला अर्जाचा आमचा नमुना हवा असेल तर सांगा, देईन.